गरवायचं सामान: दोरी, रील आणि ड्रॅग एकमेकांना कसे सांभाळतात

कोकणातल्या खडकांवर किंवा खाडीच्या तोंडाशी उभं राहून गरवताना मोठा मासा लागतो, दोन-तीन जोरदार हिसके बसतात आणि दोरी एकदम सैल पडते. अशा वेळी बहुतेक जण अंदाज बांधतात की दोरी कमी ताकदीची होती, आणि पुढच्या खेपेला दुप्पट जाड दोरी भरतात. मग फेक निम्म्यावर येते, मासे कमी लागतात आणि लागलेला मोठा मासा पुन्हा तुटतो. कारण बहुतेक वेळा दोष दोरीच्या जाडीत नसतो.

माशाच्या तोंडापासून आपल्या मनगटापर्यंत ताण एका मागोमाग एक जोडलेल्या भागांतून येतो: गळ, गळाची गाठ, लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा), लीडर आणि मुख्य दोरी यांची गाठ, मुख्य दोरी, रॉडच्या कड्या, रॉड आणि शेवटी रील. यातला कुठला तरी एक भाग आधी हार मानणार, हे नक्की. कुठला, ते आधीच ठरवून ठेवायचं. रीलमधला ड्रॅग त्यासाठीच असतो. बाकी सगळं टिकावं म्हणून तो योग्य वेळी सरकतो आणि दोरी सोडतो. हे ध्यानात ठेवलं की दुकानात कुठली वस्तू कुठल्या मापाची घ्यायची, हे ठरवणं सोपं जातं.

ड्रॅग: किती घट्ट?

साध्या स्पिनिंग रीलमध्ये स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीच्या डोक्यावर फिरवायची चकती असते. तिच्याखाली फेल्टचे किंवा कार्बनचे वॉशर आणि धातूच्या चकत्या आलटून पालटून बसवलेल्या असतात. चकती आवळली की वॉशर दाबले जातात आणि स्पूल फिरायला जास्त जोर लागतो. माशाची ओढ त्या जोरापेक्षा वाढली की स्पूल मागे फिरतं आणि दोरी बाहेर जाते.

सुरुवातीला ड्रॅग दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा. दोरी 20 पौंडांची, म्हणजे साधारण 9 किलोची असेल, तर ड्रॅग सव्वादोन ते तीन किलोवर सुटला पाहिजे. 30 पौंडांची, म्हणजे 13.6 किलोची दोरी असेल, तर साडेतीन ते साडेचार किलोवर. हे हाताने ओढून कळत नाही. हाताचा अंदाज फार फसवा असतो, आणि बहुतेकांनी ‘घट्ट’ म्हणून लावलेला ड्रॅग मोजल्यावर किलो-दीड किलोच भरतो. प्रवासाची बॅग मोजायचा हातातला डिजिटल काटा बाजारात स्वस्तात मिळतो, तोच वापरावा. दोरी सगळ्या कड्यांतून ओवून काट्याला बांधा आणि काटा दुसऱ्याच्या हातात द्या. रॉड 45 अंशांच्या आसपास धरून मागे रेटा आणि स्पूल सरकायला लागेल त्या क्षणी आकडा वाचा. रॉड वाकलेला असतानाच मोजायचं, कारण वाकलेल्या रॉडच्या प्रत्येक कडीशी दोरी घासते आणि ताण वाढतो. रीलपासून सरळ ओढून मोजलं तर आकडा कमी येतो आणि आपण नकळत ड्रॅग जास्त आवळतो.

पाव ते तृतीयांशच का, अर्धा का नाही? याची तीन कारणं आहेत. एक, गाठ बांधली की त्या जागी दोरीची ताकद घटते, आणि वाईट गाठीत ती बरीच घटते. दोन, मासा झटका देतो तेव्हा थांबलेलं स्पूल हलवायला चालू स्पूलपेक्षा जास्त जोर लागतो, म्हणजे पहिल्या क्षणी ताण उसळतो. तिसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं: दोरी बाहेर जाते तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि ड्रॅग आपोआप जड होतो. भरलेल्या स्पूलवर गुंडाळीचा व्यास 50 मिलिमीटर असताना तुम्ही 3 किलो ठेवला असेल, तर व्यास 40 वर आल्यावर तोच ड्रॅग 3.75 किलोचा झालेला असतो. म्हणून लांब पळणारा मासा धावत असताना चकती आवळू नये. उलट, बरीच दोरी गेली असेल तर थोडी सैल करावी. आवळायचा मोह नेमका तेव्हाच होतो, आणि मासे तुटतातही तेव्हाच.

याला एक अपवाद आहे. कपारीत राहणारा हेकरू किंवा तांबोशी लागला की पहिल्या चार-पाच सेकंदांत तो परत बिळात शिरायला बघतो. तिथे सैल ड्रॅग म्हणजे मासा गेलाच. अशा जागी ड्रॅग तृतीयांशाच्या वरच्या बाजूला ठेवावा आणि दोरी-लीडर एक पायरी जाड घ्यावेत.

ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहणं ही आणखी एक चूक. रीलवर 5.2:1 असं गुणोत्तर लिहिलेलं असेल, तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणारा भाग, पाचहून अधिक वेळा फिरतो. दोरी आत येत नसेल तर त्यातला प्रत्येक फेरा दोरीत एक पीळ घालतो. तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोरीत, तो पीळ साठतो आणि पुढच्या फेकीला दोरी स्पूलवरून वेटोळी होऊन उडते. मासा ओढत असेल तेव्हा हात थांबवा. तो थांबला की रॉड हळू वर उचला, मग रॉड खाली आणत दोरी गुंडाळा. मासा रॉडने आणायचा असतो. रील फक्त मोकळी झालेली दोरी जमा करते.

तंगूस की ब्रेडेड

नायलॉनचा एकपदरी तंगूस ताणला की लांबतो, चांगल्यापैकी लांबतो. ही त्याची कमजोरी वाटते, पण मऊ तोंडाच्या माशाला ती उपयोगी पडते, कारण झटका दोरीतच जिरतो आणि गळ मांस फाडून बाहेर येत नाही. नायलॉन पाणी शोषतो, ओला झाल्यावर थोडा कमजोर होतो, आणि उन्हात त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. खिडकीत टांगून ठेवलेल्या रीलवरचा तंगूस दिसायला ठीक असला तरी विश्वासाचा नसतो. नियमित गरवणाऱ्याने तो वर्षातून एकदा तरी बदलावाच.

ब्रेडेड दोरी पॉलिएथिलीनच्या अत्यंत बारीक धाग्यांची विणलेली असते. ती जवळपास लांबत नाही, त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा खूप बारीक असते, आणि 40 मीटरवरच्या माशाने आमिषाला लावलेला हलका टोलाही हाताला कळतो. डब्यावर ‘पीई’ आकडा असतो, तो जाडीचा असतो. पीई 1 म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर, पीई 2 म्हणजे सुमारे 0.235. ताकद प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून पीई आणि पौंड हे दोन्ही आकडे वाचून घ्यावेत. तिचा मोठा दोष म्हणजे कालवं आणि शिंपले चिकटलेल्या खडकाला ती ताणलेल्या अवस्थेत टेकली की क्षणात कापली जाते. खडकावर ब्रेडेडला थेट गळ बांधणं म्हणजे मासा आणि गळ दोन्ही घालवणं.

स्पूलवर दोरी भरताना सगळ्यात जास्त हयगय होते. ब्रेडेड गुळगुळीत असते. नुसत्या धातूच्या स्पूलवर गुंडाळली तर ताण आल्यावर आख्खी गुंडाळीच स्पूलभोवती फिरते, आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटतं. म्हणून आधी तंगुसाचे आठ-दहा वेढे द्यावेत, त्यावर ब्रेडेड बांधावी. भरताना ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरून ताण ठेवायचा. सैल भरलेली ब्रेडेड मोठ्या ओढीला खालच्या थरात घुसते, तिथे अडकते, आणि पुढच्या हिसक्याला ड्रॅग सरकण्याआधीच दोरी तुटते. स्पूलच्या काठापासून साधारण 2 मिलिमीटर जागा सोडा. त्याहून जास्त भरली तर फेकताना एकदम दोन-तीन वेढे सुटून गुंता होतो. कमी भरली तर दोरी काठाला घासते आणि फेक तोकडी पडते. फेकून झाल्यावर बेल, म्हणजे रीलवरची उघडझाप होणारी तारेची कमान, हँडल फिरवून बंद न करता हाताने पाडा आणि दोरीला एक हलका ताण द्या. ब्रेडेडमध्ये होणारे निम्मेअधिक गुंते एवढ्यानेच थांबतात.

लीडर आणि दोन गाठी

लीडर म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला जाड, घासायला टणक तुकडा. 20 ते 30 पौंडांच्या ब्रेडेडला 40 पौंडांचा मीटर-दीड मीटर लीडर खडकासाठी पुरतो. जिताड्यासाठी 40 ते 60 घ्यावा, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते आणि तो पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो तेव्हा बारीक दोरी तिथेच कापली जाते. सुरमईच्या दातांपुढे कुठलाच तंगूस टिकत नाही, तिथे 15-20 सेंटिमीटर तार लागते. फ्लुओरोकार्बनचा लीडर नायलॉनपेक्षा टणक असतो आणि बुडतो, पण महाग असतो आणि गाठ आवळताना लवकर भाजतो. नवशिक्याने चांगल्या नायलॉनच्या लीडरवरच हात बसवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ब्रेडेड आणि लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ घरी बसून पंधरा मिनिटांत शिकता येते. दोन्ही टोकं विरुद्ध दिशांनी एकमेकांवर 20 सेंटिमीटर आडवी ठेवा. लीडरचं टोक मागे वळवून एक फास करा. ते टोक फासाच्या आतून, दोन्ही दोऱ्यांना धरून 4 वेळा गुंडाळा, थुंकीने ओलं करा आणि अर्धवट आवळा. आता ब्रेडेडच्या टोकाने तसाच फास दुसऱ्या बाजूला, पण वेढे 7 ते 8, कारण ब्रेडेड निसरडी असते. दोन्ही गाठी पुन्हा ओल्या करून दोन्ही लांब दोऱ्या विरुद्ध दिशेला सावकाश ओढा. गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. मग जोर लावून पक्कं आवळा. लीडरचं टोक 2 मिलिमीटर ठेवून कापा, ब्रेडेडचं 4-5 मिलिमीटर. ही गाठ जरा जाड असते, म्हणून फेकताना ती रॉडच्या शेवटच्या कडीच्या बाहेरच राहील इतका, म्हणजे मीटरभराच्या आसपासच लीडर ठेवावा.

गाठ कड्यांतून आत-बाहेर जायला हवी असेल तर एफजी नावाची बारीक गाठ. त्यात लीडर दुमडलाच जात नाही. ताणून धरलेल्या लीडरवर ब्रेडेड एकदा वरून, एकदा खालून अशी 20 वेळा फिरते. मग दोघांना मिळून दोन अर्धगाठी द्यायच्या आणि जोरात ओढायचं. वेढे लीडरमध्ये रुतले की ब्रेडेडचा रंग गडद होतो, ती खूण. त्यानंतर लीडरचं टोक कापून नुसत्या ब्रेडेडवर आणखी 4-6 अर्धगाठी. एफजी सैल आवळली तर ती गाठच नसते, मोज्यासारखी निसटते. म्हणून घरून दोन-तीन लीडर जोडून नेणं चांगलं. वाऱ्यात खडकावर उभं राहून ती नीट बसत नाही.

कुठलीही गाठ कोरडी आवळू नये. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनचा पृष्ठभाग वितळतो आणि गाठीजवळ दोरी पांढरट, कुरळी दिसते. तसं दिसलं की कापा आणि पुन्हा बांधा. आवळल्यावर हाताला फडकं गुंडाळून गाठ ओढून बघा. तुटायचीच असेल तर ती हातात तुटलेली बरी.

आणि दोरी तुटलीच, तर तुटलेलं टोक फेकून देण्याआधी डोळ्यांजवळ धरा. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सरकून सुटली आहे, दोष बांधणीचा. स्वच्छ कापलं असेल तर दात, कल्ला किंवा कालव. शेवटच्या वीतभर भागात खरखर लागत असेल, नखाखालून फिरवल्यावर ओरखडे जाणवत असतील, तर दोरी खडकाला घासत होती आणि आधीच कापून नवी बांधायला हवी होती. टोक विस्कटलेलं, पण बाकी दोरी गुळगुळीत असेल, तर ताण जास्त झाला, म्हणजे ड्रॅग तपासा. प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक अडकणुकीनंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांच्या चिमटीतून ओढून बघायची सवय लावा.

रॉड, गळ, शिसं

रॉडवर दोन आकडे छापलेले असतात: किती ग्रॅमपर्यंत फेकायचं आणि कुठली दोरी वापरायची. ते सल्ला म्हणून नसतात, मर्यादा म्हणून असतात. ‘15-40 ग्रॅम’ लिहिलेल्या रॉडने 70 ग्रॅमचं शिसं पूर्ण जोराने फेकलं तर तो फेकतानाच मोडू शकतो. खडकावरून 8 ते 10 फूट लांबी बरी, कारण दोरी पुढच्या दगडांवरून वर राहते. होडीत 6-7 फूट पुरे. मासा पायाशी आल्यावर रॉड सरळ उभा करून उचलायचा प्रयत्न झाला की सगळा वाक टोकाच्या बारीक भागात जातो आणि तिथेच कडकन मोडतो. दुसऱ्या हाताने रॉड मुठीच्या वर, मधोमध धरला तरी तसंच होतं. मासा जाळीनेच घ्यावा.

अडकलेला गळ रॉडने ओढू नये. रॉड दोरीच्या रेषेत सरळ करायचा, दोरी काठीला किंवा जाड फडक्याला दोन-तीन वेढे देऊन मागे चालत जायचं. ब्रेडेड उघड्या हाताला गुंडाळली तर बोट कापतं.

शिसं सतत कपारीत अडकत असेल तर ते लीडरपेक्षा कमजोर, 10 पौंडांच्या तंगुसाच्या तुकड्याने वेगळं लोंबवा. अडकलं तर फक्त शिसं जाईल.

गळाचे आकडे गोंधळात टाकतात. 2, 4, 6 असे वाढत जातात तसा गळ लहान होतो, आणि 1/0, 2/0, 4/0 असे वाढतात तसा मोठा. रोहू-मृगळला कणकेच्या गोळ्यावर 4 ते 6 नंबर, खडकावर कोळंबी लावून 2/0 ते 4/0. टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ओढा. सरकलं तर बोथट, अडकलं तर ठीक. पातळ तारेचा गळ 40 पौंडांच्या ब्रेडेडवर घट्ट ड्रॅगने वापरला तर तो सरळ होतो. ल्युअरवरचे, म्हणजे कृत्रिम आमिषावरचे स्वस्त रिंगही असेच उघडतात. गोल वळलेल्या सर्कल गळाला झटका द्यायचा नाही. दोरी ताणली जाऊ द्यायची, तो स्वतः तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. मासा सोडायचा असेल तर उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. माशाला इजा कमी होते आणि गळ आपल्या बोटात घुसला तरी बाहेर येतो.

सुरुवातीला एकच संच घ्यायचा असेल तर: खडक-खाडीसाठी 9 फुटांचा 15-40 ग्रॅमचा रॉड, 4000 मापाचं रील, 200 मीटर 20-30 पौंडांची ब्रेडेड, 40 पौंडांचा लीडर. तळ्यातल्या रोहू-कटल्यासाठी ब्रेडेडची गरज नाही, 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा तंगूस आणि 3000-4000 चं रील. मरळ मात्र वेगळीच. ती दाट वनस्पतीत राहते, तोंड हाडासारखं टणक असतं, म्हणून 40-50 पौंडांची ब्रेडेड, ताठ रॉड, आणि बेडकाच्या ल्युअरवर उसळी दिसल्यावर दोरीला वजन लागेपर्यंत थांबून मगच झटका. पैसे वाचवायचे तर रॉडवर वाचवा, रीलच्या ड्रॅगवर आणि दोरीवर नको.

खारं पाणी आणि जीव

समुद्रावरून आल्यावर ड्रॅग आधी पूर्ण आवळा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी जात नाही. मग साध्या पाण्याच्या हलक्या धारेने रील धुवा. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो, आणि रील बादलीत बुडवणं त्याहून वाईट. पुसून झालं की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग धक्के देत सुटतो. बेलवरचा छोटा रोलर ताणाखाली फिरतोय का ते बघा, तेलाचा एक थेंब द्या. रोलर जाम झाला की दोरी एकाच जागी घासत राहते आणि तुटण्याचं कारण महिनाभर सापडत नाही. कड्यांच्या आतून कानातला कापूस फिरवा. कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे चीर आहे, ती कडी बदलायची.

कार्बनचा रॉड विजेचा चांगला वाहक आहे. धरणाच्या काठाने जाणाऱ्या तारांखाली फेकू नका आणि गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून निघा. खडकावर उतरण्याआधी वीसेक मिनिटं लाटा बघा, कारण मोठ्या लाटा मध्ये खंड पाडून गटागटाने येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीचं पाणी नेहमीच्या खडकापेक्षा वर चढतं आणि परतीची वाट बंद होते. एकट्याने जाऊ नये, लाइफ जॅकेट घालावं. पावसाळ्यातली मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते, पण जून-जुलैच्या समुद्रात खडकावर गरवायला उतरणं हे जिवावर बेतणारं आहे. धरणं-तलावांचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारूनच बसावं. 1987 साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीसारखे देवीच्या नावाने राखलेले डोह, तिथे गळ टाकायचाच नाही.

शिंगाळा लागला तर त्याला हाताने धरू नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. टोचलाच तर जखम धुवून हात सोसवेल इतक्या गरम, 45 अंशांपर्यंतच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, कारण त्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात आणि कळ उतरते. पाणी दुसऱ्या माणसाला हात घालून तपासू द्या, बधिर हाताला भाजलेलं कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज वर चढत असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.